दोन सूत आखूड

गल्लीत सिनेमावाले येऊन नऊ दिवस झाले होते आणि किल्लीवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. त्याच्या दुकानाची पाटी फार नवी दिसते म्हणून त्यांनी ती उतरवली, घासून काळी केली आणि परत लावली. रस्त्यात मनगटाएवढ्या जाड वायरी पसरल्या, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. फिरकायचे ते खोटे पोलीस, आणि तेही संडास कुठे आहे हे विचारायला. साठी उलटलेल्या माणसानं हे सगळं निमूट गिळलं असतं. पण जो येई तो पाठीवर थाप मारून म्हणे, "काका, खरे हिरो तर तुम्हीच." तेवढं मात्र त्याला गिळवत नसे.

सिनेमा होता सहा वर्षांपूर्वीच्या हल्ल्यावर. चौघांनी बाजाराच्या इमारतीत शिरून गोळीबार केला, अकरा माणसं गेली. तिघे तिथेच मारले गेले, चौथा निसटला आणि तीन दिवस अख्खं शहर दारं लावून बसलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला तो याच गल्लीत, किल्लीवाल्याच्या थोरल्या बहिणीच्या मागच्या खोलीत. वरच्या मजल्यावरच्या बाईला खालून पुरुषाचा खोकला ऐकू आला. खाली तर म्हातारी एकटी राहते, मग खोकतंय कोण? तिनं पोलिसांना कळवलं. दार फोडावं तर आतल्या बाईच्या जिवाला धोका, म्हणून पोलिसांनी कुलूप उघडणारा माणूस बोलावला, आणि तो निघाला तिचाच भाऊ. त्यानं आवाज न करता दार उघडलं, पोलीस आत घुसले आणि बंदुकीला हात लागायच्या आत चौथा जमिनीवर आडवा होता, जिवंत. वर्तमानपत्रांनी छापलं, की किल्लीवाल्यानं एका तारेनं चाळीस सेकंदांत कुलूप उघडलं. कसली तार नि कसलं काय. किल्ली त्याच्या खिशातच होती.

ती खिशात का होती, हेच तर खरं दुखणं. हल्ल्याच्या आठ महिने आधी त्यानं ताईच्या दाराला नवं कुलूप बसवलं होतं. अशा कुलपात आतल्या मुठीला एक लोखंडी दांडी असते. मूठ फिरवली की दांडी फिरते आणि कुलपाची जीभ मागे सरते. दांडी दाराच्या जाडीप्रमाणे मापून कापायची असते. पण चाळीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाला बहिणीच्या दाराचं कसलं माप आणि कसलं काय. त्यानं नजरेनंच कापली आणि ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड पडली. मूठ नुसती गरगर फिरायची, जीभ जागची हलायची नाही. दार बाहेरून किल्लीनं उघडायचं, आतून नाही. ताई म्हणाली, "अरे, हे आतून उघडत नाही." तो म्हणाला, "उद्या बघतो." लोकांची दिवसाला दहा कुलपं नीट करणाऱ्याला बहिणीसाठी तो उद्या काही उजाडेना. रोज सकाळी दुकानात जाताना तो बाहेरून दार उघडून द्यायचा, ती दार मिटू नये म्हणून वीट लावून ठेवायची आणि रात्री वीट काढून दार ओढून घ्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हल्ला झाला त्या दिवशी पोलिसांनी भोंग्यावरून सांगितलं, दारं लावून घ्या. ताईनं मुकाट्यानं वीट काढली. तिसऱ्या दिवशी चौथा आला तो मागच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून. सात तास ती त्याच्याबरोबर कोंडलेली होती. त्यातले दोन तास तो मागच्या खोलीत गाढ झोपला होता, हे त्यानंच पुढे पोलिसांना सांगितलं. मग गल्लीनं एकच प्रश्न धरला: तो झोपला होता, तर ही दार उघडून पळाली का नाही? "भीतीनं पाय उचलेना," एवढंच ताई म्हणाली, पोलिसांना तेच आणि शेजाऱ्यांनाही तेच. पोलिसांनी तिला चार दिवस बसवून घेतलं आणि सोडून दिलं. गल्लीनं मात्र सोडलं नाही. खिडकीबिडकी काही नाही, हिनंच त्याला दारातून आत घेतलं, हे हळूहळू सगळ्यांना ठाऊक झालं, म्हणजे कोणी बघितलं नव्हतं तरी. ताईच्या शिवणाच्या वर्गाला सात मुली यायच्या, त्यांतली एकही परत आली नाही. वरची बाई जिन्यात दिसली की भिंतीकडे तोंड करायची.

आणि किल्लीवाला? त्यानं झटापटीत कुलूप बिघडलं असं सांगून चौथा सापडला त्याच संध्याकाळी ते काढलं, नवं बसवलं, जुनं दुकानाच्या खणात टाकलं आणि मूग गिळून बसला. चाळीस सेकंदांच्या उस्तादाकडून कुलूप बसवून घ्यायला अर्धं शहर लोटलं. आपली लाज झाकायला ताई बोलणी खातेय हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी तो बसला. शरम वाटायची, रोज वाटायची. पण नुसत्या शरमेनं कोणाचं काय भलं होतं?

दहाव्या दिवशी दाराच्या प्रसंगाची तालीम होती. फाइल घेऊन फिरणारी मदतनीस मुलगी त्याला कौतुकानं समजावून सांगू लागली. चौथा पळत पळत येतो, दार वाजवतो, म्हातारी उघडते, त्याचा दमलेला चेहरा बघते आणि त्याला आत घेते. "आईची माया, काका. लोक ढसाढसा रडतील."

"पण तिनं दार उघडलं नव्हतं," किल्लीवाला म्हणाला.

"ते लेखकांना विचारा."

लेखक म्हणाला, दिग्दर्शकाला विचारा. दिग्दर्शक म्हणाला, कथा लेखकाची आहे. हा परत लेखकाकडे गेला, तर तो जेवायला बसला होता. असा तासभर चेंडू इकडून तिकडे झाला. शेवटी दिग्दर्शकच वैतागून म्हणाला, "काका, तिनं दार उघडलं हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुमचीच गल्ली सांगते. आम्ही काही पदरचं घातलेलं नाही."

आता हे पडद्यावर जाणार. आज गल्ली म्हणते ते उद्या गावोगाव म्हणतील, आणि ताई मेल्यावरसुद्धा म्हणत राहतील. किल्लीवाला तरातरा दुकानात गेला, खणातलं कुलूप काढलं आणि येऊन दिग्दर्शकाच्या हातात ठेवलं. तालीम बघायला सगळी गल्ली जमलेलीच होती. वरची बाई कठड्याला टेकून उभी होती.

"ही मूठ फिरवा."

दिग्दर्शकानं फिरवली. "फिरतेय की."

"जीभ हलली का?"

"नाही."

"हलणारही नाही. दांडी दोन सूत आखूड आहे. मी कापलीय, माप न घेता. हे ताईच्या दाराचं कुलूप. तिला आतून दार उघडताच येत नव्हतं. त्याला आत घ्यायलाही नाही आणि स्वतः पळायलाही नाही. आठ महिने ती मला सांगत होती आणि मी उद्या उद्या करत होतो. आणि तार वगैरे सगळं खोटं आहे. माझ्याकडे किल्ली होती."

दिग्दर्शकानं मूठ आणखी दोनदा फिरवली. त्याला वाईट वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

"काका, असेलही खरं. पण पडद्यावर पटणार नाही. शहरातला सगळ्यात नावाजलेला किल्लीवाला, आणि नेमकं त्याच्याच बहिणीचं कुलूप बिघडलेलं? लोक म्हणतील, ओढूनताणून आणलंय."

सहा वर्षं खोटं बोलला तर लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि आज खरं बोलला तर म्हणे पटत नाही. तेवढ्यात सामान सांभाळणारा माणूस पुढे आला. कुलूप जुनं आहे, दारावर छान दिसेल, वापरू का, म्हणाला. परवानगी मिळायच्या आधीच त्यानं टेपनं दाराची जाडी मोजली, पेटीतून नवी दांडी काढली, खूण केली, कापली आणि कुलूप बसवलं. मूठ फिरवली, जीभ सरकन मागे गेली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. ताईचं काम करणारी नटी आली, तिनं आतून मूठ फिरवून दार उघडलं आणि दिग्दर्शक म्हणाला, छान, असंच करायचं. किल्लीवाल्याला तिथं उभं राहवेना.

दुकानाच्या पायरीवर वरची बाई वाट बघत होती. आता ही ताईबद्दल काही चांगलं बोलेल, निदान मान खाली घालेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "आमचं कुलूपही तुम्हीच बसवलंय ना? एकदा बघून घ्या की." तिच्यामागे आणखी चार जण उभे होते. संध्याकाळपर्यंत तो गल्लीतल्या मुठी फिरवत हिंडला. एकाही दाराची दांडी आखूड निघाली नाही.

मग तो ताईकडे गेला. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. ताई खाटेवर बसून जुन्या परकराची शिवण उसवत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?"

"ताई, ते लोक सिनेमात..."

"ते सिनेमात दाखवायचं तेच दाखवणार आहेत. मी दार उघडणारच आहे. मग तू मिळवलंस काय? माझं नाव तर गेलंच होतं. तुझं तरी राहिलं होतं, तेही घालवून आलास. सहा वर्षं मी गप्प बसले, ती काय मला बोलता येत नव्हतं म्हणून?"

तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला.

"तुला माझा राग नाही आला?" त्यानं विचारलं.

"न यायला काय झालं? तो आत घोरत होता आणि मी ती मेली मूठ फिरवत होते. तळहाताची सालं निघाली. मुठीला आणि तुला, दोघांना शिव्या घालत होते."

"मला रोज वाटायचं, सांगावं."

"कोणाला?"

"लोकांना. पोलिसांना. सगळ्यांना."

ताईनं परकर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"चुकलो, ताई," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली माझी."

"अरे, एवढंच तर हवं होतं," ती म्हणाली. "सहा वर्षांत एकदा इथं बसून मला एकटीला एवढं म्हणाला असतास, तर गल्लीला काय म्हणायचं ते खुशाल म्हणू दिलं असतं मी."