तांब्याचा हार

ऐंशीच्या सुमाराला नाशिकच्या सराफ बाजाराजवळ तरुण कारागिरांच्या नव्या घाटाच्या दागिन्यांचं प्रदर्शन भरलं होतं. सगळ्यांचं काम चांदीत; एका मुलीचा तेवढा तांब्याचा हार. कुणी बघायला मागितला की ती तो आधी मुठीत गरम करायची, मग द्यायची.

"तांबं भांड्यांना ठीक. टेबलावरून काढ तो," संयोजक म्हणाले.

तिने काढला आणि स्वतःच्याच गळ्यात घालून उभी राहिली. लोक चांदी सोडून तिच्यासमोर थांबू लागले. उकाड्यात तांब्यानं तिची मान हिरवी पडली.

"बघ, डाग पडला!" संयोजकांना जोर चढला.

"पडू द्या. मान माझी आहे."

संध्याकाळी तो हार मीच घेतला. तिने गळ्यातून काढून दिला, तेव्हा गरम होता. उन्हाळ्यात माझीही मान हिरवी होते. कुणी नाक मुरडलं की मी तिचंच उत्तर देते.