वन्संचा प्लास्टिकचा पेशंट

आमच्या वन्संइतकी संतापी बाई साऱ्या मराठवाड्यात सापडायची नाही, आणि त्यांच्या संतापाइतका रास्त संतापही सापडायचा नाही. मी भावजय असून हे सांगते, म्हणजे बघा. जन्मभर त्यांनी नर्सिंगच्या मुली शिकवल्या. निवृत्त झाल्या, तर शहरातल्या एका खासगी कॉलेजानं त्यांना परत बोलावून घेतलं, कारण तिथं एक नवा बाहुला आला होता. चांगला पुरुषभर उंचीचा, श्वास घेणारा, नाडी चालणारा, काचेमागच्या कॉम्प्युटरवरून सांगितलं की कण्हणारासुद्धा. मुलींनी आधी त्याच्यावर चुका करायच्या, मग माणसाला हात लावायचा. पण कुणी त्याला 'डमी' म्हटलं की वन्सं भडकल्याच. "डमी कुणाला म्हणतीस गं? वैजापूरचे भानुदासराव हायेत ते. आधी नमस्कार कर, मग पांघरूण काढ!" एका मुलीनं सुई बिनचूक टोचली, पण आधी त्याला सांगितलं नाही, म्हणून तिला नापास केलं. तिचे वडील उस्मानपुऱ्यात आमच्या दारी भांडायला आले, तर ह्या म्हणाल्या, "हात पुढं करा, न सांगता टोचून दाखवते." गेले बिचारे तसेच.

त्यांचा खरा राग मात्र वेगळाच होता. भानुदासराव एकटे होते! "आपल्याकडं पेशंट एकटा येतो का गं वहिनी? भाऊ येतो, मेव्हणा येतो, आत्या येती, डबा येतो, सतरंजी येती. हे कसलं शिक्षण?" आणि मग त्यांनी आम्हालाच नातेवाईक म्हणून नेलं. मी भानुदासरावांची आई, माझी धाकटी जाऊ त्यांची मावशी. आम्हाला हुकूम एवढाच, की दवाखान्यात वागता तसंच वागायचं. मी असा गळा काढला की शिपाई धावत आला.

त्या दिवशी भानुदासरावांचं ऑपरेशन ठरलं होतं, पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नव्हता. मुली पडद्यावरच्या आकड्यांकडं टक लावून उभ्या. इकडं जाऊबाईचा जीव कळवळला. "तोंड लई कोरडं पडलंय गं लेकराचं," म्हणत तिनं मान उचलली आणि बाटलीतलं पाणी घातलं की तोंडात! भानुदासरावांनी एक लांब घुर्रर्र केलं आणि त्यांची छाती थांबली ती थांबलीच. जाऊबाई खरंच रडायला लागली.

वन्सं काचेमागून वाघिणीसारख्या आल्या. जाऊबाईला रागावल्या नाहीत. मुलींना म्हणाल्या, "मेला! मावशीनं मायेनं मारला, अन् तुम्ही टीव्ही बघत हुता!"

प्राचार्य धावत आले. "मॅडम, मशीन गेलं! बाहेरची माणसं आत आणायची नाहीत. चूक झाली असं लिहून द्या."

"मशीन दुरुस्त होईल, सर. उद्या वॉर्डात हीच मावशी भेटणार हाय ह्यांना."

"नातेवाईकांचं रडणं स्पीकरवर लावू की."

"स्पीकर पाणी पाजतो व्हय?"

प्राचार्यांनी सरळ खोलीची किल्लीच मागितली. लिहून द्या नाहीतर किल्ली द्या. वन्संनी किल्ली टेबलावर ठेवली. मला विचाराल तर अजून अंगाचा तिळपापड होतो. अहो, ज्या चुकीसाठी ती खोली बांधली, ती चूक तिथं झाली, कुणाचा जीव न जाता झाली, आणि शिकवणारीलाच घरी पाठवलं! बाहुला म्हणे आठवडाभरात पुन्हा श्वास घ्यायला लागला.

आता दुपारी त्या माझ्यापाशी येऊन बसतात, नुसत्या बसतात. कुणावर रागावत नाहीत, हे काही मला सोसवत नाही. म्हणून मी मुद्दाम काहीबाही बोलते. शेजारणीची बीपीची गोळी मी घेऊन बघितली म्हणते, भाजलेल्यावर टूथपेस्ट लावली म्हणते. मग काय विचारता! अर्धा तास माझा उद्धार चालतो, त्यांच्या गालावर रंग चढतो, आणि मी खाली मान घालून गोड मानून ऐकते.

परवा मी म्हटलं, "वन्सं, ताप होता, म्हणून उरलेलं जुनं औषध पिऊन टाकलं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

तेवढंच. मी बाटलीवरची तारीख उलटून गेल्याचंही सांगितलं, निदान त्यावर तरी भडकतील म्हणून.