जी साक्ष माझी नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. निदान मला ठाऊक असताना तरी नाही.

मी म्हसावदकडचा. सातपुड्यातल्या एका पाड्यावर शाळामास्तर म्हणून गेलो, तिथे पावरी बोली शिकलो. सपाटीवरचे पाळक डोंगरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशाला येत, तेव्हा त्यांचं मराठी पावरीत आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणाऱ्या लोकांच्या साक्षी मराठीत मीच सांगायचो. पाळकांचं एखादं वाक्य फिकं वाटलं तर मी ते सजवून सांगे. लोक मान डोलवत. पुढेपुढे मला वाटू लागलं, लोक देवाचं वचन ऐकायला येत नाहीत, मला ऐकायला येतात.

बारा वर्षांपूर्वी डोंगरातल्या मंडळींसाठी एक सेवक, म्हणजे त्यांची देखरेख करणारा, निवडायचा होता. त्यासाठी चर्चच्या ज्येष्ठांचं वडील मंडळ सपाटीवरून आलं होतं. त्या दिवशी जमनाबाई साक्षीला उभी राहिली. तिची लेक बाळंतपणात अडली होती. रायसिंगने तिला झोळीत घालून, भर पावसात, वाटेत प्रार्थना करत डांबरी रस्त्यापर्यंत उतरवलं होतं. रायसिंग म्हणजे आमच्या प्रार्थनाघराची झाडलोट करणारा माणूस. पूर्वी पिणारा, अक्षरओळख जेमतेम. बाई पावरीत त्याचं नाव घेत होती. मराठीत सांगताना मी त्याच्या जागी ‘गुरुजींनी’, म्हणजे मीच, असं म्हणालो. का म्हणालो, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. मला ती जागा हवी होती, आणि तो माझ्यापुढे जाईल हे मला सोसवलं नाही.

ती साक्ष ऐकून वडील मंडळाने मलाच सेवक निवडलं आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. बाईला मराठी येत नव्हतं. रायसिंग मात्र ऊसतोडीला सपाटीवर जाऊन मराठी शिकला होता. तो तिथेच मागे, दाराशी बसला होता. त्याने फक्त मान खाली घातली. त्यानंतर तो प्रार्थनेला आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याच पाड्यावर सभा होती. पाहुणे पाळक नम्रतेवर बोलत होते. ते दोन वाक्यं बोलून थांबत, मी पावरीत सांगे. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की पत्र्याखाली बसलेले लोक अजिबात हलत नाहीत. कुणी खोकेना. पदराने वारा घेणाऱ्या बायांचे हात जिथल्या तिथे थांबलेले. दीडदोनशे डोळे माझ्यावर, पापणी न लवता. बाहेर बांधलेल्या शेळ्याही गप्प होत्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, त्यातही मला अभिमानच वाटला. आज माझी वाणी चालली आहे, असं वाटलं.

सभा सुटली. एरवी गराडा पडायचा. त्या दिवशी लोक मला वळसा घालून गेले. पाळक हसत म्हणाले, “गुरुजी, मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही पाच मिनिटं! माझ्यापेक्षा मोठा उपदेश झाला की तुमचा.” मला तर मी दोनच वाक्यं सांगितल्यासारखं आठवत होतं. माझ्या बायकोला पावरी येत नाही. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “तो आवाज कोना व्हता हो? तुमना नही व्हता.”

मग काठी टेकत जमनाबाई आली. आता तिला नीट दिसत नाही. तिने माझा चेहरा चाचपला आणि पावरीत म्हणाली, “माझ्या तोंडात तू तुझं नाव घातलंस होय? आणि बारा वर्षं माझ्या घरची भाकर खाल्लीस.”

मी विचारलं, “कुणी सांगितलं तुला?”

“तूच की. आत्ता. सगळ्यांसमोर.”

“मी काय म्हणालो?”

तिने सांगितलं. झोळी, पाऊस, रायसिंगचं नाव, माझी हाव, सगळं क्रमाने. आजपर्यंत मी स्वतःशीही ज्या शब्दांत बोललो नव्हतो, त्या शब्दांत. मी तिच्यापुढे खाली बसलो. ती म्हणाली, “माझ्यापुढे काय बसतोस? हे रायसिंगने ऐकायला हवं होतं.” आणि तरीही जाताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तिथे काय घडलं, मला ठाऊक नाही. उन्हाने भोवळ आली असेल असं कुणी म्हणेल, मी वाद घालणार नाही. ज्या तोंडाचा मला गर्व होता ते घटकाभर माझं राहिलं नाही, आणि तेवढ्या घटकेतच ते खरं बोललं. त्याबद्दल प्रभूचे उपकार मानतो. आता मी रोज सकाळी हे तोंड त्याच्या हाती देतो, आणि बहुतेक दिवशी दुपार व्हायच्या आत परत काढून घेतो. स्वाधीन होणं म्हणजे काय, ते एवढंच शिकलोय.

भाषांतराला मी आता उभा राहत नाही. सेवकपण मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण खालच्या वडील मंडळाला पावरी कळत नाही आणि डोंगरातून कुणी जाऊन सांगितलेलं नाही. त्यांना हे मराठीत सांगून ती जागा सोडायची आहे. रायसिंगच्या दाराशी दोनदा जाऊन परत आलो. त्याची माफी मागायची आहे.