गोजरबाई आणि दिवेलागणीची गोळी

कोपरगावच्या वृद्धाश्रमात गोजरबाई आया होती. वृद्धाश्रम म्हणजे तेव्हा आमच्याकडं नवलाचीच गोष्ट. चौदा म्हाताऱ्याकोताऱ्यांची आंघोळ, धुणं, वेणीफणी सगळं तिच्याकडं. नजर तर अशी, की रंगमंचावर नुसती उभी राहिली असती तरी टाळी घेतली असती. बहात्तर सालच्या नवरात्रात ती नजर एकाच माणसावर खिळली होती, कंपाउंडर पुंजारामवर.

दिवेलागण झाली की तो प्रत्येक खाटेवर एकेक पांढरी गोळी वाटायचा. घटकाभरात सगळं सामसूम. खर्ड्याच्या मालनबाई दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा अख्ख्या आश्रमाला फैलावर घ्यायच्या. आता तोंडातून लाळ गळायची, स्वतःचं नाव आठवायचं नाही.

"डोकं गेलंय म्हातारीचं," पुंजाराम म्हणाला. "दसरा झाला की पुन्याला, येड्यांच्या इस्पितळात. पत्र तयार हाय. डॉक्टरांची सही तेवढी ऱ्हायलीय."

"गेलंय का घालवलंय? काय कालवतोस रं त्या गोळीत?"

"तूच खाऊन बघ की!"

घट बसले. मालनबाई सगळं विसरल्या होत्या, पण नऊ दिवसांचा उपास विसरल्या नाहीत. गोळी त्यांनी पदरात थुंकली.

"कशाचं पीठ असतंय ह्यात, कुनास ठावं. उपास मोडंल."

गोजरबाईनं गुपचूप त्यांचा पदर झटकला, आणि पुढं रोजच झटकत राहिली.

तिसऱ्या माळेला म्हातारी थरथर कापू लागली, भिंतीशी भांडू लागली. गोजरबाईला वाटलं, आपणच मारतोय का हिला? सहाव्या माळेला मात्र खाटेवरून खणखणीत आवाज आला, "गोजरे, भगर लई खारट केलीस. हात हाय का मिठाचं पोतं?"

गोजरबाई तिथंच रडली.

आठव्या माळेला डॉक्टर आले, पत्र पुढं ओढलं. गोजरबाई आडवी आली. "आधी तिच्याशी बोला, सायेब."

"आजी, नाव काय तुमचं?"

"मालन सूर्यभान. तुमी डागदर का तलाठी? आन् सदऱ्याचं बटन तुटलंय तुमचं."

डॉक्टरांनी गोजरबाईकडून सगळी हकिगत काढून घेतली आणि पुंजारामला बोलावलं. "ही गोळी अजून चालू आहे?"

"तुमीच लिवली हुती. म्हातारी मानसं उठून भटकायची तवा."

"आठ दिवसांसाठी!"

"बंद कर, असं कुनी म्हनलंच न्हाई."

पुंजाराम काही खलनायक नव्हता हो. सांगितलेलं काम नेमानं करणारा माणूस.

डॉक्टरांनी पत्र फाडलं. गोजरबाईलाही झापलं, गोळी अशी एकदम बंद करणं जिवावर बेततं म्हणाले. बाकीच्या तेरा जणांना आधी अर्धी, मग पाव, असं उतरवत न्यायचं ठरलं.

पुंजारामनं अडकित्ता काढला. गोजरबाईनं हात पुढं केला. "दे हिकडं. मी कापनार. तुझ्यावर भरवसा न्हाई अजून."

"मग तुझ्यावर कुनी ठेवायचा?"

"भांडू नका," मालनबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी बघतीया दोघांकडं बी."