'दुरुस्त' लिहिलेल्या ओळी

चिकलठाण्याच्या कारखान्यात कम्प्युटर सांभाळायला लागून मला अकरा वर्षं झाली होती. माझा यंत्रावर चटकन विश्वास बसायचा, माणसावर बसायचा नाही. या स्वभावाचं तिथं कौतुकच व्हायचं.

तपासणीच्या टेबलावर लासूर स्टेशनहून रोज येणारी एक बाई होती. ती इंजिनात बसणाऱ्या पिना यंत्राखाली धरायची आणि पिन पास की नापास ते कम्प्युटर सांगायचा. एकदा गिऱ्हाइकाकडून आख्खी पेटी परत आली, आत नापास पिना पास म्हणून गेलेल्या. ठपका बाईवर आला. ती म्हणाली, कम्प्युटरच कधीमधी चुकतो. मॅनेजरनं मला तपासायला सांगितलं.

मी मेमरीच्या पट्ट्या बदलल्या आणि सकाळी सकाळी चाचणी लावली. सगळं ठीक. प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची छोटी, चपळ मेमरी असते. तिच्या नोंदीत मात्र चुकांच्या बऱ्याच ओळी दिसल्या, पण प्रत्येकीपुढं 'दुरुस्त' लिहिलेलं होतं. आपली चूक आपणच पकडून सुधारायची, अशी तिची रचनाच असते. शिवाय दुरुस्त झालेलं अहवालात घ्यायचं नाही, बाकी राहिलेलंच घ्यायचं, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. तो मीच पाडलेला.

बाईनं मला तिची वही दिली. शंका आलेल्या पिनांच्या वेळा तिनं त्यात टिपल्या होत्या. मी ती न उघडताच परत केली. 'कम्प्युटर निर्दोष' असं लिहून सही ठोकली. बाईची पॅकिंगला रवानगी झाली आणि महिना संपला की तिला कमी करायचं ठरलं.

महिना संपायला चार दिवस होते. भर दुपारी तोच कम्प्युटर आपणहून बंद पडला. पडद्यावर कॅशचीच तक्रार होती, पण या वेळी 'दुरुस्त' नव्हतं. मी कम्प्युटर पुरवणाऱ्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, साठवलेल्या शून्य-एकच्या आकड्यांतला एक उलटला तर कॅश तो सुधारते, दोन उलटले तर चूक ओळखून थांबते. मी सहज विचारलं, तीन उलटले तर?

"तीन उलटले, तर कधीकधी तिला एकच उलटलाय असं वाटतं. मग ती भलतंच काहीतरी बदलते आणि 'दुरुस्त' लिहून पुढं जाते."

मी नोंदींचा कागद घेऊन पॅकिंगकडं धावलो आणि बाईकडं वही मागितली. तिनं पिशवीतून काढून दिली. पहिली वेळ, दुपारचे दोन चाळीस. माझ्या कागदावर दोन चाळीस, दुरुस्त. दुसरी, तीन पाच. तीन पाच, दुरुस्त. तिची प्रत्येक वेळ माझ्या कागदावर होती. सगळ्या दुपारच्या, वरचे पत्रे तापतात तेव्हाच्या. मी चाचणी घेतली होती सकाळच्या गारव्यात. मी तिथल्याच खोक्यावर बसलो.

"ताई, तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो.

ती चिडली नाही. "मला ठावं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "पर तुमी सही केली, मंग माझं कोन ऐकतंय? आता बी तसंच लिवून द्या. बाईची चूक नव्हती, असं."

मी लिहिलं. मॅनेजरकडं न्यायच्या आधी कागद तिच्याकडं दिला. अकरा वर्षांत माझं लिखाण कुणी तपासलं नव्हतं. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत तो वाचला, मग सहीपाशी थांबून परत पहिल्यापासून वाचला.

"तारीख राहिली, साहेब," ती म्हणाली.