दाजींनी गाडी ट्यून केली

आमचे दाजी इंद्रजित म्हणजे दुष्काळी दहिवडीतलं मोठं प्रस्थ. मोठं म्हंजे त्यांच्या मतानं. गॅरेजवर पाटी काय, तर 'परफॉर्मन्स'. मेंढरं आन् पाण्याचे टँकर जाणाऱ्या रस्त्यावर परफॉर्मन्स बघणार कोण, हे विचारायची सोय न्हाई. बहिणीचा नवरा पडला.

मी महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो. एकच गाडी, तिच्यावरच घर. मे महिन्यात दाजी आले, न विचारता बॉनेट उघडलं आन् तोंड वाकडं केलं.

"पावणं, हिच्यात दम न्हाई. घाटात बैलगाडी बरी."

"चाललंय की, दाजी," मी म्हणालो. तेवढ्यात आमची आई राहीबाई आतनं म्हणाली, "जावयाचं मन मोडू नगंस." झालं. गाडी दहिवडीला गेली.

तिथं दाजींनी इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो आन् मोकळा सायलेन्सर बसवला. गार हवेनं ताकद वाढती म्हणून एअर फिल्टर वरनं काढून खाली पुढच्या बंपरमागं नेला. मग लॅपटॉप जोडून इंजिनाला डिझेल कवा आन् किती द्यायचं ते बदलत बसले. माळावरच्या सरळ रस्त्याला गाडी पळवायची, काळा धूर आला की थांबायचं, आकडे बदलायचे, परत पळवायची. शेजारी बसून मी आपला, "लय भारी, दाजी." दुसरं काय म्हणणार, कपाळ? पळाली मात्र जोरात, खोटं कशाला बोलू.

जुलैत दाजी आपली करामत घाटात बघायला आले. एरवी सासुरवाडीला यायचे ते दिवाळीला न्हायतर उन्हाळ्यात. त्याच दिवशी मला वाईहून एका हॉटेलचे पाहुणे आणायचे होते. वेळेवर आणले तर हॉटेलचं वर्षभराचं काम मला मिळणार होतं. दाजी म्हणाले, "मी चालवतो." जावयाला न्हाई म्हणायचं कुणी? चावी दिली.

वाईकडं जाताना वेण्णा तळ्यापाशी रस्त्यावर गुडघाभर पाणी. बाकीच्या टॅक्स्या बाजूला थांबलेल्या.

"आवं दाजी, थांबा. फिल्टर खाली हाय."

"ट्यून केलेली गाडी हाय, पावणं. तुमी नुसतं बसा."

पाण्याच्या मधोमध खाडकन आवाज झाला आन् इंजिन बंद पडलं. फिल्टरनं हवेऐवजी पाणी ओढलं होतं. आतला रॉड वाकला असणार, म्हंजे इंजिनच गेलं, हे मला बसल्या जागी कळलं.

दाजी काच खाली करून बघत राहिले. "एवढं पाणी रस्त्यावर असतंय व्हय?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मला त्या माणसाची शिसारी आली.

पाहुण्यांची वेळ टळली तसा हॉटेलवाल्याचा फोन आला. आमच्याच स्टँडवरच्या नाथाजीची टॅक्सी पाठवली होती, इथनं पुढचं कामही त्यालाच.

मी उतरलो आन् कमरेत वाकून गाडी ढकलायला लागलो. दाजी स्टेअरिंग धरून आत. परत फोन वाजला. आई होती.

"जावई भिजलं न्हाईत न्हवं?"

"न्हाई आई," मी म्हणालो, "आत बसल्यात."