लॉन म्हणजे हराळी

बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा माझी अक्कल बेताची आणि ऐट भरपूर होती. मेहकर भागातल्या एका सरकारी बंगल्याची देखभाल माझ्याकडे होती. मोठ्या साहेबांनी पुण्याहून बियांचं पाकीट पाठवलं आणि कळवलं, की दिवाळीनंतर येईन तेव्हा पुढच्या अंगणात लॉन दिसलं पाहिजे.

बंगल्यावर झाडलोट आणि पाणी भरायला एक बाई रोजंदारीवर होत्या. माझ्या आईच्या वयाच्या, नवरा गेलेला, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात तण निंदण्यात गेलेलं. मी त्यांना मावशी म्हणायचो. लॉन चांगलं आलं तर त्यांना बागकामावर कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं.

"काय पेरून राह्यलो आपन?" त्यांनी विचारलं.

"लॉन," मी रुबाबात सांगितलं. सरकारी खर्चानं गवत पेरतोय म्हणायची मला लाज वाटली.

त्यांनी माती भुसभुशीत केली. बी बारीक, म्हणून तिळासारखं वाळूत मिसळून फेकलं आणि वर ओली पोती अंथरली. "घाण होऊ देऊ नका," असं बजावून मी रस्त्याच्या मोजणीसाठी देऊळगाव राजाला गेलो, तो तीन आठवडे तिकडेच अडकलो.

परत आलो तर अंगण काळंभोर! मावशी खुरपं घेऊन पुढे आल्या.

"पाहा साहेब, एक काडी ठेवली नाई. निरी हराळी माजली होती, मुळासकट काढली. पन तुमचं लॉन काऊन उगून नाई राह्यलं?"

माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोललो. लॉन म्हणजे तेच गवत, हे ओरडून सांगितलं तेव्हा त्या मटकन पायरीवर बसल्या.

"हराळी पेरते काय कोनी?" एवढंच म्हणाल्या. तो चेहरा आठवला की आजही मला माझीच चीड येते.

दिवाळी झाली आणि साहेब आले. मी आधीच ठरवून ठेवलेलं बोललो, "बी खराब निघालं साहेब. उगवलंच नाही." वाटलं, दोघंही सुटलो.

"उगोलं होतं," मागून मावशी म्हणाल्या. "दाट उगोलं होतं साहेब. माह्या हातचं पेरलेलं आजलोक वाया नाई गेलं. मीच निंदून टाकलं ते."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "या बाईंना उद्यापासून येऊ देऊ नका," ते मला म्हणाले. मावशींनी पदर सारखा केला. माझं नाव त्यांनी काढलं नाही.

मला ते सोसलं नाही. "साहेब, चूक माझी आहे. हे गवत आहे असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि आता तुमच्याशी खोटंही बोललो."

साहेबांनी मला ड्रायव्हरदेखत झाडलं. मावशींचं काम राहिलं, पण कायम होणं पुन्हा नव्या लॉनवर जाऊन बसलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरं पाकीट आलं.

"मावशी, हे गवताचं बी आहे," मी म्हणालो.

त्यांनी ओंजळ पुढे केली. "हे पयलेच सांगतलं असतं, त तोंड दुखलं असतं काय बाप्पा तुमचं?"